पैनगंगेच्या अलीकडचा दिवाण



मराठवाड्यातला माणूस हैदराबादला जाऊन आला की दोन गोष्टी हमखास सांगतो. चारमिनार पाहिला आणि सालारजंग म्युझियम पाहिले. त्या संग्रहालयात ठरल्या वेळी घड्याळातून टोले देणारा माणूस बघायला गर्दी होते आणि तोंडावर ओढणी घेतलेल्या संगमरवरी रिबेकेसमोर लोक थबकतात. संग्रहालयातला बहुतेक संग्रह तिसऱ्या सालारजंगांचा, म्हणजे 1889 साली पुण्यात जन्मलेल्या मीर युसूफ अली खान यांचा. पण ती रिबेका त्यांच्या आजोबांनी 1876 साली रोममध्ये विकत घेतली. आजोबा तेव्हा युरोपात मूर्ती खरेदी करायला गेले नव्हते. लंडनला जाऊन वऱ्हाड परत मागायचे, हा त्यांचा खरा हेतू होता. मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, 1853 ते 1883 अशी तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

हा विषय नागनाथाच्या या औंढ्यात कशाला, असे कुणाच्या मनात येईल. निजामाची राजवट म्हटली की आपल्याला रझाकार आठवतात, आणि ते आठवणे योग्यच आहे. पण रझाकारांच्या त्या एका वर्षाच्या आधी सव्वाशे वर्षांचा कारभार आहे आणि त्याची सुरुवात शोधायला फार दूर जावे लागत नाही. इथून तासाभराच्या आत हिंगोली आहे. हिंगोलीला छावणी होती. वऱ्हाड गेले ते त्या छावणीच्या पगारापायी.

ही छावणी होती हैदराबाद कंटिन्जंटची. निजामाच्या नावाने उभारलेली, निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमात चालणारी अशी ही फौज. हेन्री रसेल हा हैदराबादच्या दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, असताना, म्हणजे 1811 ते 1820 या काळात, तिचा पाया पडला. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली ही तिची ठाणी. पलीकडच्या हदगाव भागात हटकरांचा नायक नोवसाजी याने नोव्ह्याच्या गढीतून जी झुंज दिली, ती 1819च्या जानेवारीत मोडून काढली ती याच फौजेने. म्हणजे ही फौज आपल्या लोकांवर चालायची, तिचे अधिकारी परक्यांचे होते आणि पगार मात्र आपल्याच शेतसाऱ्यातून जायचा. वर्षाला जवळजवळ चाळीस लाख रुपये.

एवढा पैसा खजिन्यात नव्हता. चंदुलाल यांच्या हाती कारभार असताना तो कर्जाने उभा राहिला. पामर कंपनी नावाची हैदराबादेतली पेढी होती, तिने जबर व्याजाने कर्ज दिले. ती बुडाल्यावर सावकार, अरब जमादार, रोहिले. तारण म्हणून तालुकेच्या तालुके लिहून दिले गेले. ज्याने जास्त बोली लावली त्याला महसुलाचा मक्ता, आणि मक्तेदार रयतेकडून किती घेतो हे कुणी विचारायचे नाही. शेवटी कंटिन्जंटचा पगार थकला, तो कंपनी सरकारने आपल्या तिजोरीतून भरला आणि निजामाच्या नावे मांडून ठेवला. 1853 साली लॉर्ड डलहौसीने तो हिशेब पुढे केला. वऱ्हाड कायमचे तोडून द्या, अशी मागणी होती. निजाम नासिरुद्दौला यांनी ‘कायमचे’ मान्य केले नाही. अखेर मे 1853च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवकडचा नळदुर्ग भाग आणि रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात दिले गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम निजामाला परत करायची. तह झाल्यावर थोड्याच दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क वारले. त्यांच्या जागी त्यांचे पुतणे आले. वय 24.

मीर आलम यांच्या घराण्यातला हा मुलगा. निजामाचे वकील म्हणून इंग्रजांशी आणि पुण्याच्या दरबाराशी बोलणी करणारे, पुढे दिवाण झालेले मीर आलम, ते हेच. तेव्हा वाटाघाटी या घरात नव्या नव्हत्या. पण काकाच्या दिवाणगिरीत झालेला तह पुतण्याच्या गळ्यात पडला होता आणि तो सोडवण्यात पुतण्याची सगळी हयात गेली.

आता माझे म्हणणे मांडतो. सालारजंगांची चरित्रे वाचली तर त्यांच्या आयुष्याची दोन दालने केलेली दिसतात: एकात सुधारक दिवाण, दुसऱ्यात वऱ्हाडासाठी भांडणारा मुत्सद्दी. मला ही दोन दालने वेगळी वाटत नाहीत. इंग्रजांच्या हातात सर्वांत धारदार युक्तिवाद एकच होता. निजामाला राज्य चालवता येत नाही, रयत नागवली जाते, म्हणून मुलूख आमच्याकडे असलेला बरा. सालारजंगांनी ओळखले की या युक्तिवादाला खलित्यातून उत्तर देऊन भागणार नाही. उत्तर परभणीत, नांदेडात, बीडमध्ये द्यावे लागेल. पैनगंगेच्या अलीकडचा कारभार असा करून दाखवायचा की पलीकडचा मुलूख अडकवून ठेवायला सबबच उरू नये. मराठवाड्याची जिल्हाबंदी, म्हणजे जिल्हावार कारभाराची मांडणी, हा वऱ्हाडाच्या दाव्यातला पुरावा होता, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

पहिली काही वर्षे तर गहाण पडलेले तालुके सोडवण्यातच गेली. अरब जमादारांचे देणे हप्त्याहप्त्याने फेडायचे आणि तालुका ताब्यात घ्यायचा. मग तिथे मक्तेदाराऐवजी पगारी तालुकदार नेमायचा. हे ऐकायला सोपे वाटते, पण त्या जमादारांकडे स्वतःच्या फौजा होत्या, शहरात त्यांच्या गढ्या होत्या आणि ते कर्जदाराला आपल्या कैदेत ठेवायचे. त्यांच्याशी लढाई न करता सालारजंगांनी त्यांची ताकद हळूहळू उतरवली. 1865च्या सुमारास जिल्हाबंदी झाली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याखाली दोम आणि सोम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार. ऐंशीच्या घरातल्या माणसांनी आपल्या वडिलांच्या तोंडून हे हुद्दे ऐकले असतील, कारण 1948 पर्यंत ते तसेच चालले. धान्यातली बटाई जाऊन रोख सारा आला. देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलीचे काम काढून घेतले आणि त्याबदली त्यांना रुसूम म्हणजे हक्काचा ठरावीक मोबदला बांधून दिला. 1875 नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. हाली शिक्क्याचे नाणे सरकारच्या ताब्यात आले. बाजारात हाली आणि कलदार असे दोन रुपये चालायचे, त्यातला हाली तो हा.

यात एक गोष्ट मराठी माणसाने लक्ष देऊन पाहावी अशी आहे. निजामाच्या दरबारात महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. तेलंगणाचे दफ्तर मालवाले या कायस्थ घराण्याकडे आणि मराठवाड्याचे दफ्तर रायरायां या मराठी देशस्थ घराण्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्याच्या गावगन्ना नोंदी एका मराठी घरात होत्या, आणि त्या घराच्या मर्जीशिवाय दिवाणालाही हिशेब कळत नसे. सालारजंगांनी ही दफ्तरे जप्त केली नाहीत, घराण्यांचा मानमरातबही काढून घेतला नाही. शेजारी नवे खाते उभे केले आणि कागद तिकडे वळवला. जुन्या उमरावांना जुन्या जागी मानाने बसू द्यायचे आणि सत्ता मात्र दुसऱ्या खोलीत न्यायची, ही त्यांची पद्धत. इंग्रजांनी त्यांच्यावर केली तीच रीत ते आपल्या सरदारांवर करत होते, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

नव्या खात्यांसाठी माणसे लागली, ती त्यांनी उत्तरेतून आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन, चिराग अली. एकेक माणूस तोलामोलाचा. परंतु मुल्की आणि गैरमुल्की, म्हणजे इथले आणि बाहेरचे, हा वाद त्याच निवडीतून जन्मला आणि पुढे शंभर वर्षे पुरला. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलुखातून अधिकारी घडवायचा विचार या दिवाणाने केला नाही. कचेरीची भाषा फारसी होती, त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच ती उर्दू झाली. औंढ्याच्या कुणब्याची जमीन मोजली गेली, पण मोजणीचा निवाडा त्याला वाचता येत नव्हता. ज्या राज्यात ज्ञानेश्वर-नामदेवांची भाषा बोलणारे लाखो लोक राहत होते, नरसी नामदेव ज्या राज्यात होते, त्या राज्याच्या इतक्या समर्थ दिवाणाला ही उणीव दिसू नये, याचे मला वाईट वाटते आणि ते मी लपवणार नाही.

आणि आता 1857.

या एका वर्षामुळे सालारजंगांचे नाव घेताना आपली जीभ अडखळते, अडखळायलाच हवी. त्या मे महिन्यात नासिरुद्दौला वारले, अफजलुद्दौला गादीवर आले आणि त्याच सुमारास उत्तरेतल्या उठावाची बातमी आली. जूनमध्ये औरंगाबादेत कंटिन्जंटच्या घोडदळातले शिपाई बिथरले. पुण्याकडून आलेल्या इंग्रजी फौजेने त्यांना चिरडले, काहींना तोफेच्या तोंडी दिले. 17 जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. दिवाणाने रेसिडेंट डेव्हिडसनला आधीच सावध केले होते. हल्ला फसला. मौलवी अंदमानात गेले. तुर्रेबाज खान कैदेतून निसटले, पुन्हा गाठले गेले, मारले गेले आणि त्यांचा देह लोकांना दिसेल असा टांगला गेला. शोरापूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नायक हैदराबादेत आला, त्यालाही दिवाणाने रेसिडेंटच्या हवाली केले. हिंगोली-औरंगाबादच्या छावण्या ज्या फौजेच्या होत्या त्याच कंटिन्जंटच्या पलटणी सर ह्यू रोजबरोबर झाशीवर गेल्या. राणी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध लढलेल्या त्या शिपायांचा पगार वऱ्हाडच्या कापसातून निघत होता.

हैदराबाद उठले असते तर सगळी दक्षिण उठली असती, असे इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्या काळात लिहून ठेवले आहे. तेव्हा दिवाणाने काय केले याचे मोल दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ग्वाल्हेरीत दिनकरराव राजवाडे यांनी शिंद्यांच्या बाबतीत हेच केले. दोघांनाही इतिहासाने कुशल कारभारी म्हटले आणि दोघांवरही तोच ठपका ठेवला. सालारजंगांच्या मनात इंग्रजांविषयी भक्ती होती, असे मला त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या पत्रव्यवहारावरून वाटत नाही. त्यांनी हिशेब केला. राज्य टिकले तर मागता येईल, राज्यच गेले तर मागणार कोण? हा हिशेब समजून घेता येतो. तरी त्यात तुर्रेबाज खानाचा देह आहे, औरंगाबादच्या शिपायांचे प्राण आहेत, आणि ते वजा करून कोणाही दिवाणाची कारकीर्द मांडता येत नाही. हैदराबादच्या लोकांनीही ते वजा केले नव्हते. 1859 साली दरबारातून रेसिडेंटसोबत बाहेर पडताना सालारजंगांवर गोळी झाडली गेली. 1868 मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा ते वाचले.

त्या निष्ठेची किंमत 1860च्या तहात मिळाली. नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब परत आले, शोरापूर मिळाले, 50 लाखांचे कर्ज माफ झाले. आजचा धाराशिव जिल्हा मराठवाड्यात आहे तो या तहामुळे. पण त्याच कागदात एक कलम होते. वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. 1853च्या तहात शिल्लक रक्कम परत करायची होती. इंग्रजांनी कारभाराचा खर्च इतका वाढवला की शिल्लक राहीचना, आणि 1860 नंतर ती का राहत नाही हे विचारायचीही सोय उरली नाही. वाटाघाटीत मोठा मुलूख हाती येत असताना असे छोटे कलम डोळ्याआड होते. सालारजंगांच्या कारकिर्दीतली ही माझ्या मते सर्वांत महागडी सही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि 1861 ते 1865 मध्ये कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून भुसावळमार्गे वऱ्हाड ओलांडून नागपूरला जाणारी रेल्वे 1867 साली पूर्ण झाली. अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठा फुगल्या. आता वऱ्हाड सोडायला इंग्रज का तयार होतील?

हे सगळे करताना त्यांच्या पायाखालची जमीन तरी पक्की होती का? अफजलुद्दौलांचा आपल्या दिवाणावर विश्वास नव्हता. परवानगीशिवाय दिवाणाने शहराबाहेर पडायचे नाही, अशी रीत. 1867 मध्ये काही काळ रेसिडेंट असलेल्या रिचर्ड टेंपल यांनी रोजनिशी ठेवली होती. पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच हे टेंपल. साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेला हा दिवाण आपल्या धन्यासमोर उभा राहताना किती भेदरलेला असे, हे त्यांनी नोंदवले आहे. इंग्रज म्हणणार तुम्ही निजामाचे, निजाम म्हणणार तुम्ही इंग्रजांचे. तीस वर्षे या कात्रीत उभे राहून काम करणे ही काय चीज असते, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको.

1869 मध्ये अफजलुद्दौला गेले. गादीवर तीन वर्षेही पूर्ण न झालेले मीर महबूब अली. सालारजंग आणि दरबारातले उमराव शम्सुल उमरा यांच्याकडे संयुक्तपणे कारभार आला. याच राज्यारोहणाच्या वेळी इंग्रज अधिकारी प्रथमच पायांत बूट ठेवून खुर्च्यांवर बसले. तोवर निजामाच्या दरबारात रेसिडेंट बूट काढून खाली बसत असे. दिवाणाने ओळखले असणार की वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे. तरी त्याच काळात त्यांनी वऱ्हाडाचा दावा उघडपणे पुढे आणला. त्यांचा प्रस्ताव साधा होता. कंटिन्जंटच्या पगारासाठी मुलूख तारण ठेवला आहे ना? मग आम्ही एवढी रक्कम तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवतो की तिच्या व्याजातून पगार भागेल. तारण परत करा. कोणत्याही सावकाराने हे मान्य केले असते. कलकत्त्याच्या सरकारने केले नाही. मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला: शांततेच्या काळात ही फौज आम्ही पोसावी, असे कोणत्या तहात लिहिले आहे? याचे सरळ उत्तर कधीच आले नाही.

1876 साली ते लंडनला गेले. वाटेत रोम, पॅरिस. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. त्या अवस्थेत ते इंग्लंडात पोचले. ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली, लंडन शहराने नागरिकत्वाचा मान दिला, राणीच्या पंगतीला बसवले. मेजवान्या झडल्या. वऱ्हाडाविषयी भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरींचे उत्तर मात्र कलकत्त्याकडे बोट दाखवणारे होते. हिंदुस्थान सरकारमार्फत या, निजाम अल्पवयीन आहेत तोवर असा मोठा प्रश्न काढता येणार नाही. सन्मान भरभरून द्यायचा आणि मागणी टोलवायची, याचा इतका निखळ नमुना दुसरा सापडणे कठीण.

परतल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सूड उगवावा तशी वागणूक दिली. लंडनपर्यंत जाणारा दिवाण त्यांना धोक्याचा वाटला. रिचर्ड मीड तेव्हा रेसिडेंट होते. सालारजंगांचे इंग्रज खाजगी सचिव ऑलिफंट यांना जावे लागले. शम्सुल उमरा वारल्यावर, 1877 साली, दिवाणाच्या मर्जीविरुद्ध विकारुल उमरा यांना सह-कारभारी म्हणून बसवले. शेवटी दिवाणाने मान तुकवली. वऱ्हाडाची गोष्ट निजाम सज्ञान होईपर्यंत मागे ठेवली गेली. निजाम सज्ञान झाले 1884 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 8 फेब्रुवारी 1883 रोजी, पटकीच्या आजाराने सालारजंग गेले. आदल्याच दिवशी ते मेक्लेनबर्गच्या ड्यूकला मीर आलम तलावावर घेऊन गेले होते. वय अवघे 54.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. 1902 साली कर्झन यांनी महबूब अली खानांकडून वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. नासिरुद्दौलांनी 1853 मध्ये जो ‘कायमचे’ हा शब्द नाकारला होता, तो त्यांच्या नातवाने दिला. सातवे निजाम उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली, तेव्हा 1926 साली लॉर्ड रीडिंग यांनी सार्वभौम सत्तेशी बरोबरीने बोलता येणार नाही, असे खडसावले.

आणि इथे मी आपल्या भागाकडे परत येतो. वऱ्हाड इंग्रजांकडे राहिले म्हणून पैनगंगा ही दोन राज्यांची सीमा झाली. अलीकडे हिंगोली, पलीकडे उमरखेड-पुसद. नातीगोती दोन्ही काठांवर, कायदा मात्र वेगळा. 1947-48 मध्ये रझाकारांचा जाच वाढला तेव्हा स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी नदीपलीकडे उमरखेडला कॅम्प उभा केला. नांदेड-हिंगोली भागातले तरुण रात्री नदी उतरून तिथे पोचत, हत्यारे चालवायला शिकत आणि परत येत. सालारजंगांचा दावा 1876 मध्ये मान्य झाला असता तर उमरखेड निजामाच्या राज्यात असते आणि त्या तरुणांना टेकायला जवळ जागा उरली नसती. ज्या मागणीसाठी त्या माणसाने हयात घालवली ती फसली, आणि तिच्या फसण्याचा उपयोग सत्तर वर्षांनी त्याच राज्याविरुद्ध लढणाऱ्यांना झाला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्यात आले ते तिथल्या माणसांच्या भाषेच्या आधाराने. वऱ्हाडावरच्या शंभर वर्षांच्या खलित्यांत त्या माणसांचे मत कोणीही विचारले नव्हते, सालारजंगांनीही नाही.

जाता जाता एक विनंती करतो. या तीस वर्षांचे कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. बहुतेक फारसीत आहेत, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. परभणी-हिंगोलीच्या गावांचे महसूल, देशमुखांच्या रुसुमाचे तंटे, छावणीच्या रसदीच्या तक्रारी, हे सगळे त्या भाषेत अडकले आहे. इथल्या महाविद्यालयांत इतिहास घेणारी मुले-मुली आहेत, त्यांतल्या दोघांनी जरी फारसी आणि मोडी शिकायचे मनावर घेतले तर त्यांच्या पहिल्या वर्षाच्या शिकवणीचा खर्च या व्याख्यानमालेने उचलावा. आजच्या व्याख्यानाचे मानधन मी त्यासाठी संयोजकांकडे ठेवून जात आहे.